पंखांवरचे रंग कोणासाठी?

फुलपाखरांविषयी बोलणे निघाले की दुर्मीळ जातींची, घनदाट जंगलांची आणि वीतभर पंखांच्या नवलाईची चर्चा लगेच सुरू होते आणि रोज डोळ्यांसमोरून जाणारी साधी फुलपाखरे बाजूला पडतात. माझा ओढा मात्र या साध्यांकडेच आहे. रुईच्या झुडपाभोवती संथ घिरट्या घालणारे नारिंगी प्लेन टायगर, लिंबाच्या झाडावर सारखे येत-जात राहणारे काळे-पिवळे लाइम बटरफ्लाय, कोबीच्या वाफ्यावरचे पांढरे, गवतावरून जेमतेम गुडघ्याच्या उंचीने उडणारे पिवळे आणि नखाएवढे निळे, या सगळ्यांचे पूर्ण आयुष्य, अंड्यापासून ते पंख फाटेपर्यंत, एखाद्या झुडपापाशी उभे राहूनही पाहता येते. दुर्मीळ जातींच्या बाबतीत ती सोय क्वचितच मिळते. हे आयुष्य पाहताना माझ्या मनात एक प्रश्न वारंवार येतो आणि हे लेखनही त्याच प्रश्नाचा माग काढणारे आहे: हे रंग नेमके कोणी पाहावेत म्हणून आहेत? माणूस या हिशेबात फारच उशिरा आला. फुलपाखरे पतंगांच्याच एका शाखेतून सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने दाखवले आहे आणि आज त्यांच्या अठरा हजारांच्या आसपास जाती ज्ञात आहेत. एवढा प्रदीर्घ काळ या रंगांची पारख करणारे डोळे आपले नव्हते.

सुरुवात पंखापासूनच करावी. कोळ्याच्या जाळ्याखाली कधी कधी फुलपाखराचा सुटा पंख पडलेला सापडतो. तो दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगाखाली धरला, की दुरून सलग वाटणारा रंग विरघळतो आणि त्याच्या जागी एकावर एक अंशतः चढवलेल्या खवल्यांच्या ओळी दिसू लागतात, छपरावर कौले रचावीत तशा. प्रत्येक खवला साधारण एक दशांश मिलिमीटर लांबीचा, देठासारख्या टोकाने पंखाच्या पापुद्र्यात रोवलेला आणि बहुतेक वेळा एकाच रंगाचा असतो. छटा म्हणून जे आपण पाहतो ते पुष्कळदा निरनिराळ्या रंगांच्या खवल्यांचे मिश्रण असते. युरोपातल्या ऑरेंज टिप या फुलपाखराच्या पंखाच्या खालच्या बाजूवर शेवाळी हिरवे ठिपके दिसतात, पण त्या पंखावर हिरवा खवला शोधून सापडत नाही. तिथे पिवळे आणि काळे खवले शेजारी शेजारी बसलेले असतात आणि हिरवा रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. बोटाने पंख घासला तर खवले भुकटीसारखे हाताला लागतात आणि खाली उरतो तो शिरांनी ताणलेला, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा. हे खवले इतक्या सहज सुटतात ही त्यांची उणीव मानण्याचे कारण नाही, कारण जाळ्याच्या चिकट धाग्याला खवले चिकटून राहतात आणि फुलपाखराला निसटण्याची संधी मिळते.

खवल्यांना रंग दोन मार्गांनी मिळतो. पहिला मार्ग रंगद्रव्यांचा. काळा आणि तपकिरी रंग मेलॅनिनचा, म्हणजे आपल्या केसांत असते त्याच वर्गातल्या द्रव्याचा. पांढऱ्या आणि पिवळ्या फुलपाखरांच्या कुळात मात्र टेरिन नावाची नायट्रोजनयुक्त द्रव्ये आढळतात आणि त्यांच्या शोधाची कथा मला फार आवडते. फ्रेडरिक गाउलँड हॉपकिन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पंखांतला रंग वेगळा करण्याचा प्रयत्न केला आणि तो युरिक आम्लाच्या जातकुळीतला, म्हणजे शरीराने टाकून दिलेल्या पदार्थापासून बनलेला असावा असा निष्कर्ष काढला. पुढे 1920 च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ही द्रव्ये एका स्वतंत्र गटातली असल्याचे दाखवले, आणि त्याच रेणूचा सांगाडा नंतर फोलिक आम्लातही सापडला. हॉपकिन्स यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी. फुलपाखरांचा नाद त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

दुसरा मार्ग रचनेचा. निळ्या फुलपाखरांच्या पंखावरचा निळा रंग बहुधा कोणत्याही द्रव्याचा नसतो. खवल्याच्या आत कायटिन, म्हणजे कीटकांचे कवच ज्याचे बनते ते द्रव्य, आणि हवा यांचे इतके बारीक थर असतात, की त्यांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशलहरींपैकी निळ्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि बाकीच्या मावळतात. दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो या फुलपाखराच्या पंखावर अल्कोहोलचा थेंब टाकला, तर निळा रंग हिरवा होतो आणि अल्कोहोल उडून गेल्यावर पुन्हा निळा होतो, कारण खवल्यातल्या हवेची जागा तात्पुरती द्रवाने घेतलेली असते. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांत रंगद्रव्यांचे रंग प्रकाशामुळे फिकट पडतात, तर रचनेचा निळा टिकून राहतो. गवतातल्या त्या नखाएवढ्या निळ्या फुलपाखराचा नरही याच युक्तीने चमकतो. मात्र पंख मिटताच तो राखाडी होऊन जातो आणि डोळ्यांदेखत नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

आता पाहणाऱ्याकडे वळू. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. कॉमन ब्लूबॉटल या सर्रास आढळणाऱ्या फुलपाखराच्या डोळ्यात प्रकाशग्राही पेशींचे पंधरा प्रकार असल्याचे जपानी संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले. त्यांतले सगळेच रोजच्या रंगज्ञानासाठी वापरले जातात असे नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश फुलपाखरांना दिसतो एवढे नक्की. त्याचा परिणाम असा, की आपण ज्याला साधे पांढरे म्हणतो ते त्यांच्या दृष्टीने साधे राहत नाही. जपानमधल्या कोबीच्या पांढऱ्या फुलपाखरात नर आणि मादी आपल्याला जवळजवळ सारखेच दिसतात, पण मादीचे पंख अतिनील किरण परावर्तित करतात आणि नराचे शोषून घेतात, त्यामुळे नराला मादी दुरूनच वेगळी ओळखू येते. पिवळ्या फुलपाखरांच्या काही जातींत उलट नराच्याच पंखावर अतिनील चमक असते आणि ती मादीला उद्देशून असते. डोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक विलक्षण गोष्ट सांगून टाकतो: लाइम बटरफ्लायच्या गोतावळ्यातल्या एका आशियाई जातीत जननेंद्रियांजवळ चार प्रकाशग्राही पेशी असतात. डोके नीट जागेवर असतानाही मागच्या टोकाला उजेड-अंधार कळण्याची गरज काय, असा प्रश्न पडतो. नराला मिलनाच्या वेळी जोड नीट बसली की नाही हे त्या पेशींमुळे समजते, आणि मादीला अंडे घालताना अंडनलिका पुरेशी बाहेर आली आहे की नाही याचा अंदाज येतो.

पंख केवळ पाहण्या-दाखवण्यासाठी नसतात, हेही इथेच नोंदवायला हवे. उडण्यासाठी फुलपाखराच्या छातीतले स्नायू तापावे लागतात, आणि शरीर स्वतःहून ऊब धरत नसल्यामुळे सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसते. पंख म्हणजे नखांसारखा निर्जीव भाग असावा असा आपला समज असतो. परंतु शिरांमधून रक्तद्रव वाहत असतो, चेतातंतू असतात, आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की पंखावर प्रकाशाचा तापवणारा ठिपका पडला तर फुलपाखरू काही क्षणांतच अंग वळवून तो टाळते. त्याच अभ्यासात पंखाच्या जिवंत भागांवरचे खवले उष्णता अधिक चांगल्या प्रकारे बाहेर टाकतात असेही आढळले, आणि एका-दोन जातींच्या नरांत तर गंधग्रंथीपाशी रक्तद्रव ढकलणारे, स्पंदन पावणारे एक छोटे इंद्रिय पंखातच सापडले.

फुलपाखराच्या आयुष्यातला खाण्याचा आणि वाढण्याचा सगळा भाग मात्र अळीच्या वाट्याला येतो. प्रौढ फुलपाखरू वाढत नाही. त्याचा आकार अळीने किती आणि काय खाल्ले यावर ठरून गेलेला असतो. म्हणून अंडे कोठे घालायचे हा मादीच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. लिंबावर आलेली मादी पाहावी: ती पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानावर भराभर टकटक करते, उडते, दुसऱ्या पानावर तेच करते, आणि मग एखाद्या कोवळ्या पानापाशी उदर वाकवून मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळे, गोल अंडे चिकटवते. तिच्या पायांवर चव ओळखणारी संवेदके असतात आणि टकटक करताना ती पानातली रसायने तपासत असते. लिंबू, कढीपत्ता, बेल ही झाडे आपल्याला दिसायला वेगवेगळी असली, तरी तिच्या पायांना त्यांच्यातले नाते कळते. वनस्पतिशास्त्रही त्यांना एकाच कुळात ठेवते.

वनस्पतींनी ही रसायने मुळात किड्यांना दूर ठेवण्यासाठी बनवली, हे लक्षात घेतले म्हणजे गंमत वाढते. कोबी-मोहरीच्या कुळातला झणझणीतपणा ज्या द्रव्यांमुळे येतो, ती बहुतेक कीटकांना नकोशी असतात. पण कोबीच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीला त्यांच्यावाचून जेवणच सुचत नाही. एरवी जी पाने ही अळी तोंडातही घेत नाही, त्यांवर हे द्रव्य चोपडले तर ती खाऊ लागते, असा प्रयोग फर्शाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1910 सालीच करून पाहिला होता. अळीच्या आतड्यात असलेले एक प्रथिन त्या द्रव्यातून विषारी मोहरीतेल तयार होऊ देत नाही आणि विघटनाला निराळे वळण लावते. झाडाने लावलेली पाटीच तिने आमंत्रण म्हणून वाचली, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कीड ठरली.

लाइम बटरफ्लायची अळी अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही टप्पे तपकिरी-काळी राहते आणि मध्ये पांढरट डाग बाळगते, त्यामुळे पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असाच भास होतो. सोंग इतके बेमालूम असते, की झाडाला पाणी घालणारा माणूसही ती ओलांडून पुढे जातो. मग शेवटची कात टाकताना ती अचानक हिरवीगार होते. याचे कारणही सरळ आहे, कारण दीड इंचाची विष्ठा पक्ष्यालाही संशयास्पद वाटेल. याच प्रजातीसमूहातल्या एका जातीवर जपानमध्ये झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की हा बदल ज्युव्हेनाइल हॉर्मोन या संप्रेरकाच्या पातळीवर अवलंबून असतो; चौथ्या टप्प्यात ते बाहेरून पुरवत राहिले तर पुढच्या कातीनंतरही अळी विष्ठेच्याच वेषात राहते. हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचले, तर डोक्यामागून लालसर नारिंगी रंगाचे दोन शिंगांचे ओले इंद्रिय क्षणात बाहेर पडते आणि उग्र आंबट वास सुटतो. हा सारा खटाटोप मुंग्या आणि लहान भक्षक यांच्यासाठी असतो. काही सेकंदांनी शिंगे आत ओढली जातात आणि अळी काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा खायला लागते.

प्लेन टायगरची रीत याच्या अगदी उलट आहे. त्याची अळी रुईवर वाढते आणि लपण्याची तसदी घेत नाही; काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांमुळे ती लांबूनही दिसते. रुईचा चीक चिकट असतो आणि त्यात हृदयाच्या कार्यात बिघाड करणारी विषे असतात. मोठी अळी पान खाण्याआधी त्याची शीर किंवा देठ कुरतडते, त्यामुळे चिकाचा पुरवठा तुटतो, आणि मग ती निवांत खाते. पोटात गेलेल्या विषाचा काही भाग अंगात साठवला जातो आणि प्रौढावस्थेपर्यंत टिकतो. त्याचा नातलग असलेल्या मोनार्क या फुलपाखरावर अमेरिकेत 1960 च्या दशकात लिंकन ब्रोवर यांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत: विषारी झाडावर वाढलेले मोनार्क खाल्लेल्या ब्लू जे पक्ष्याला थोड्याच वेळात उलटी झाली, आणि त्यानंतर तसे फुलपाखरू दिसले तरी तो त्याला शिवेना. प्लेन टायगरचे ते संथ, बेफिकीर उडणे मला नेहमीच या शिकवणीच्या भरवशावर चालल्यासारखे वाटते. त्याचा नारिंगी रंग, काळी कड आणि पांढरे ठिपके पक्ष्याने पाहावेत आणि लक्षात ठेवावेत यासाठीच आहेत, आणि रंग जितका ठळक तितका तो लक्षात ठेवणे सोपे.

जिथे असा दरारा असतो तिथे तोतये येणारच. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते, मात्र नर काळा असून त्याच्या पंखांवर जांभळ्या-निळ्या कडांचे मोठे पांढरे ठिपके असतात. दोघांना शेजारी पाहिले तरी ते एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसत नाही. विषारी जातीचे रूप बिनविषारी जातीने घेण्याच्या या प्रकाराचा पहिला सुसंगत उलगडा हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे काढून आल्यावर 1862 साली मांडला. कॉमन मॉरमॉन या काळ्या फुलपाखराने तर यावर कडी केली आहे. त्याच्या माद्या तीन रूपांत आढळतात: एक नरासारखी, दुसरी विषारी कॉमन रोझसारखी आणि तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही निरनिराळी दिसणारी फुलपाखरे एकाच जातीची आहेत याकडे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1865 साली लक्ष वेधले होते. एकाच मादीच्या पिल्लांत वेगवेगळी रूपे निघतात आणि मधली, अर्धवट रूपे सहसा दिसत नाहीत, हे कोडे पुढे दीर्घकाळ राहिले. 2014 साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची किल्ली दाखवून दिली: पंखाचा सगळा नक्षा डबलसेक्स या एकाच जनुकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर ठरतो. हे जनुक कीटकांत मुळात नर-मादीचे भेद घडवण्याचे काम करते. नक्कल फक्त माद्यांपुरतीच का, याचे एक उत्तर त्यातून मिळते. दुसरे असे सांगितले जाते, की अंड्यांच्या भाराने जड झालेल्या मादीला पक्ष्यांचा धोका अधिक असतो, तर नराने रूप बदलले तर मादीच त्याला ओळखणार नाही. दुसऱ्या स्पष्टीकरणाचा पूर्वार्ध मला उत्तरार्धापेक्षा अधिक पटतो.

तोतये फार झाले तर सोंग उघडे पडते, हेही ओघाने आलेच. पक्ष्याला दहांपैकी आठ वेळा चवदार घास मिळू लागला, तर तो इशाऱ्याला भीक घालणार नाही.

कोषाविषयी एक लोकप्रिय समज असा आहे, की आत अळी पूर्णपणे विरघळून रस होते आणि त्या रसातून फुलपाखरू नव्याने घडते. हे अर्धेच खरे आहे. सतराव्या शतकात यान स्वामरडॅम या डच निसर्गशास्त्रज्ञाने पूर्ण वाढलेल्या अळीची कातडी काळजीपूर्वक सोलून तिच्याखाली पंखांचे अंकुर दाखवले होते, म्हणजे तयारी कोष होण्याआधीच सुरू झालेली असते. अळीचे बरेचसे स्नायू कोषात मोडीत निघतात हे खरे, पण 2013 साली जिवंत कोषांची क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्रे घेतली गेली तेव्हा श्वासनलिकांचे जाळे फार लवकर जागेवर आलेले आणि टिकून राहिलेले दिसले. मेंदूचाही काही भाग शाबूत राहत असावा. तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास आणि सौम्य विजेचा झटका यांची सांगड घालून शिकवले, तर त्यांतले पुष्कळ पतंग कोषातून बाहेर आल्यावरही तो वास टाळतात, असे 2008 च्या एका प्रयोगात आढळले. मात्र हे शिक्षण अळीच्या शेवटच्या टप्प्यात दिलेले असावे लागते.

प्लेन टायगरचा कोष पाहण्यासारखा असतो: हिरवा किंवा गुलाबी, गुळगुळीत, एका काळ्या देठाने उलटा लटकलेला. उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात त्याचे आवरण पारदर्शक होते आणि आतले नारिंगी पंख घडी घातलेल्या अवस्थेत बाहेरून दिसू लागतात. मग सहसा सकाळच्या वेळी आवरण फाटते आणि चुरगळलेले, थबथबीत पोटाचे, बोटाच्या पेराएवढ्या पंखांचे एक ओशाळे प्रकरण बाहेर येऊन रिकाम्या कोषाला लटकते. पोटातला द्रव शिरांमधून पंखांत ढकलला जातो आणि ते मिनिटा-मिनिटाला लांबत जातात. याच काळात आणखी एक काम चाललेले असते, जे पंखांकडे पाहण्याच्या नादात हमखास सुटते. सोंड जन्मतः दोन वेगळ्या पन्हळींची असते. फुलपाखरू ती पुन्हा पुन्हा गुंडाळते आणि उलगडते, आणि तसे करता करता दोन्ही बाजू एकमेकींत अडकून एक नळी तयार होते. हे जमले नाही तर फुलपाखरू उपाशी मरते. शेवटी कोषातल्या दिवसांचा साठलेला मळ तांबूस थेंबांच्या रूपाने बाहेर टाकला जातो आणि पंख वाळून कडक झाल्यावर पहिले उड्डाण होते.

मात्र कोषापर्यंत पोचणारे थोडेच असतात. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीत एक चिमुकली गांधीलमाशी अंडी घालते. तिच्या पिल्लांना अळी आतून पोसते, आणि मग एके दिवशी ती कातडी फोडून बाहेर येतात आणि अळीच्या शेजारी पिवळ्या रेशमी कोशांचा पुंजका विणतात. काही गांधीलमाश्या तर इतक्या लहान असतात, की त्यांचे सारे बालपण फुलपाखराच्या एका अंड्यात मावते. हे पाहून हळहळणाऱ्यांना मी एवढेच म्हणतो, की एका मादीची शेकडो अंडी सगळी जगली असती तर त्या झुडपावर दुसऱ्या पिढीलाच एकही पान उरले नसते.

प्रौढ फुलपाखरे मकरंदावर जगतात हे सर्वांना ठाऊक असते. ओल्या मातीवर, शेणावर किंवा मूत्राच्या डागावर त्यांचे थवे बसलेले पाहिले की मात्र अनेकांचा विरस होतो. याला चिखलपान म्हणतात. पानांत आणि मकरंदात सोडियम फारच कमी असतो, आणि तो मिळवण्यासाठी मुख्यतः नर अशा जागी सोंड खुपसून बसतात. मिळालेल्या क्षारांचा मोठा भाग नर मिलनाच्या वेळी शुक्रपेशींच्या पुडीबरोबर मादीला देऊन टाकतो आणि तो अंड्यांत जातो. प्लेन टायगर आणि त्याचे भाऊबंद याहून पुढे जातात. खुळखुळा आणि भुरुंडी यांसारख्या वनस्पतींच्या वाळक्या, मोडक्या भागांवर त्यांचे नर घोळक्याने जमतात आणि तिथली अल्कलॉइड वर्गातली कडू द्रव्ये शोषून घेतात. त्या द्रव्यांपासून मादीला रिझवणारा गंध बनतो आणि तो उदराच्या टोकाशी असलेल्या केसांच्या कुंचल्यांनी पसरवला जातो. मागच्या पंखावरचा एक जास्तीचा काळा-पांढरा ठिपका हे नराचे लक्षण असून तिथेही गंधाचे खवले असतात. इथे सौंदर्याची परीक्षा नाकाने होते, आणि आपल्याला तिच्यात स्थान नाही.

काही फुलपाखरांचा पोशाख ऋतूप्रमाणे बदलतो. संध्याकाळी अंधुक उजेडात उडणाऱ्या कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या पावसाळी पिढीच्या पंखाखाली डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात. कोरड्या ऋतूतल्या पिढीत ते जवळजवळ मावळतात आणि पंख हुबेहूब वाळक्या पानाचा होतो. हिरवळीत हालचाल करणाऱ्या फुलपाखराला पक्ष्याची चोच पंखाच्या कडेकडे वळवणारे ठिपके उपयोगी पडतात, तर पाचोळ्यात निश्चल बसणाऱ्याला तेच घातक ठरतात. युरोपातल्या मॅप बटरफ्लायची वसंतातली पिढी नारिंगी आणि उन्हाळ्यातली काळी-पांढरी असते. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1758 साली त्यांना दोन वेगवेगळ्या जाती समजून दोन नावे दिली होती. जनुके तीच असतात. अळीने आणि कोषाने अनुभवलेले दिवसमान आणि तापमान संप्रेरकांची वेळ पुढे-मागे करतात आणि रूप त्यावर ठरते.

निळ्यांकडे परत यायला हवे, कारण त्यांचे मुंग्यांशी असलेले संबंध हा फुलपाखरांच्या जीवशास्त्रातला मला सर्वांत गुंतागुंतीचा वाटणारा भाग आहे. या कुळातल्या बहुतेक जातींच्या अळ्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड द्रव देतात. मुंग्या तो पितात आणि मोबदल्यात राखण करतात. लार्ज ब्लू ही जात या मैत्रीचा गैरफायदा घेते. तिची अळी काही दिवस रानटी ओव्याच्या फुलांवर काढते, मग जमिनीवर उतरते आणि मुंगीच्या पिल्लासारखा गंध सोडते. मुंगी तिला उचलून वारुळात नेते, आणि तिथे ती पुढचे कित्येक महिने मुंग्यांचीच पिल्ले खाऊन वाढते. ब्रिटनमध्ये ही जात कमी होत चालली तेव्हा तिच्या जागांना कुंपणे घालून गुरांपासून संरक्षण देण्यात आले आणि तरीही 1979 साली ती तिथून नाहीशी झाली. जेरेमी थॉमस यांनी दाखवून दिलेले कारण असे, की तिला पोसणारी मुख्यतः एकच जातीची मुंगी आहे, त्या मुंगीला उन्हाने तापलेली जमीन लागते, आणि जमीन तापण्यासाठी गवत जनावरांनी खुडून अगदी आखूड ठेवलेले असावे लागते. सशांत पसरलेल्या रोगामुळे ससे संपले होते, गुरे कुंपणाने दूर ठेवली होती, आणि बोट-दोन बोटे वाढलेल्या गवताने फुलपाखरू घालवले. पुढे स्वीडनमधून ती जात आणून, चराई पुन्हा सुरू करून, 1980 च्या दशकापासून ती तिथे परत वसवण्यात आली.

सर्वसामान्य फुलपाखरांत सर्वांत सामान्य कोण, असे विचारले तर पेंटेड लेडीचे नाव घ्यावे लागेल. अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका वगळता ते जवळजवळ सर्व खंडांवर आढळते. युरोपात वसंतात दक्षिणेकडून येणाऱ्या त्याच्या लाटा जुन्या काळापासून माहीत होत्या, पण शरद ऋतूत ही फुलपाखरे कोठे जातात हे उमगत नव्हते आणि ती थंडीत मरून जात असावीत असे मानले जाई. रडारच्या नोंदींनी ती शेकडो मीटर उंचावरून, वाऱ्याचा लाभ घेत दक्षिणेकडे परततात हे उघड केले. आफ्रिकेपासून उत्तर युरोपापर्यंत आणि परत हा फेरा अनेक पिढ्या मिळून पूर्ण करतात, त्यामुळे कोणत्याही एका फुलपाखराला संपूर्ण वाट माहीत नसते. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये तर फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर, म्हणजे ज्या खंडावर ही जात नाही तिथे, काही पेंटेड लेडी पंख विरलेल्या अवस्थेत सापडल्या. त्यांच्या अंगावरचे परागकण, जनुके आणि पंखांतली समस्थानिके तपासून 2024 साली संशोधकांनी निष्कर्ष मांडला, की त्या पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून, किमान 4,200 किलोमीटर उडून आल्या होत्या. वारा पाठीशी नसता तर शरीरातल्या चरबीवर त्यांना जेमतेम 780 किलोमीटर जाता आले असते.

ही जात जगभर पसरली यात पंखांइतकाच वाटा अळीच्या पोटाचाही आहे. प्लेन टायगरला रुईची जातकुळी लागते आणि लाइम बटरफ्लायला लिंबाची. पेंटेड लेडीची अळी मात्र काटेरी ऊंटकटाऱ्याच्या गोतावळ्यापासून अंगाला झोंबणाऱ्या रानटी झुडपांपर्यंत, शंभराहून अधिक वनस्पतींवर वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांतली बरीचशी झाडे माणूस तण म्हणून उपटून टाकतो.